गल्ली नाकबूल

"आई, आजही दुधात पाव?" वकीलसाहेबांनी वर्तमानपत्रातून डोकं बाहेर न काढता विचारलं.

समोर बसलेल्या त्यांच्या सासूबाईंनी पावाचा तुकडा दुधात बुडवला, तो पुरता शरण येईपर्यंत तसाच धरला आणि मग तोंडात टाकला. "दुसरं काय खाणार, जावईबापू? कवळीचा चुरा झालाय ना."

"अरे हो. बघायला हवं त्याचं."

कवळी मोडल्यापासून वकीलसाहेब रोज सकाळी हाच प्रश्न विचारत, हेच उत्तर ऐकत आणि त्याचं बघायला हवं असंच म्हणत. याला ते घरात लक्ष घालणं समजत. कवळी मोडली ती अशी. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराचं एक लोखंडी झाकण आहे, ते एका बाजूनं वर उचललेलं असतं. भाजी घेऊन येताना सासूबाईंचा पाय त्यात अडकला. त्या गुडघ्यांवर आपटल्या आणि तोंडातली कवळी निसटून गल्लीच्या मधोमध जाऊन बसली. तेवढ्यात नगरपालिकेची कचरागाडी आली. ड्रायव्हर भला माणूस. त्यानं म्हातारीला वाचवायला गाडी बाजूला घेतली आणि कवळीवर घातली.

त्या संध्याकाळी सासूबाई जावयाला म्हणाल्या, "आता काय करायचं हो?" जावई टीव्ही बघत होते. ते म्हणाले, "अर्ज करा. नगरपालिका बघेल."

आता सासूबाई म्हणजे जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई. उदाहरणातली एकही पायरी गाळलेली त्यांना खपत नसे. त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं नाही, म्हणून स्मरणपत्र पाठवलं. त्यालाही उत्तर नाही, तेव्हा नोटीस दिली आणि शेवटी दिवाणी न्यायालयात नगरपालिकेविरुद्ध रीतसर दावा ठोकला. वकील दिला नाही, स्वतःच भांडायचं ठरवलं. हे त्यांनी जावयाला सांगितलं नाही, कारण जावयानं विचारलं नाही. घरात हे फक्त त्यांच्या लेकीला माहीत होतं, आणि ती म्हणाली होती, "बघू या तरी, यांच्या लक्षात कधी येतं ते."

यांच्या लक्षात काहीच आलं नव्हतं. नगरपालिकेविरुद्धचे सगळे दिवाणी दावे वकीलसाहेबच चालवत, त्यामुळे सासूबाईंच्या दाव्याला उत्तरही त्यांनीच दिलं होतं. पण दावे वाचून उत्तर द्यायला ते काही नवशिके नव्हते. उमेदवारीच्या काळात त्यांनी एक लेखी कैफियत तयार केली होती, आणि ती इतकी फक्कड जमली होती की तेव्हापासून प्रत्येक दाव्याला तीच जात असे. तिच्यात म्हटलं होतं की वादीचं वय, पत्ता आणि व्यवसाय नाकबूल. वादी म्हणतो तसा रस्ता अस्तित्वात नाही. असलाच तर त्यावर खड्डा, झाकण, खांब वगैरे काही नाही. असलंच तर वादी तिथे पडला नाही. पडलाच असेल तर त्याला लागलं नाही. लागलंच असेल तर ती सर्वस्वी त्याची चूक, आणि मुळात ज्या वस्तूचं किंवा अवयवाचं नुकसान झालं म्हणतो ती त्याच्याकडे कधी होती, हेच नाकबूल. टायपिस्ट फक्त वादीचं नाव बदलायचा आणि वकीलसाहेब फक्त सही करायचे. कोर्टात त्यांना सगळे मागून 'नाकबूलसाहेब' म्हणत. त्यांनी ते ऐकलं होतं आणि त्यांना आवडलंही होतं.

आणि वादीचं नाव वाचलं असतं तरी उपयोग नव्हता. लग्न झाल्यापासून सासूबाई त्यांच्या तोंडी 'आई' आणि पाठीमागे 'सासूबाई'. त्यांना सरकारदरबारी काही नाव असेल, ही गोष्ट जावयाच्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती. पत्त्यात लिहिला होता 'रस्ता क्रमांक सतरा ब'. तो आपलाच, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. ते आपले टाकीमागच्या गल्लीत राहायचे.

"मला जरा बाहेर जायचंय आज," सासूबाई दूध संपवून म्हणाल्या. त्यांनी कडक इस्त्रीची साडी नेसली होती आणि काखेत कापडी पिशवी होती.

"मग चला की, सोडतो. कुठे सोडू?"

"तुम्ही जाल तिथेच सोडा. माझं त्याच बाजूला काम आहे."

दारात उभ्या बायकोला हसू आवरेना. ती पदर तोंडाला लावून आत पळाली. वकीलसाहेबांना वाटलं, नवरा आईला स्कूटरवरून नेतोय याचं तिला कौतुक वाटलं.

स्कूटरवर वकीलसाहेब खुशीत होते. "आज एक गंमत आहे, आई. कोणी एक म्हातारी नगरपालिकेवर दावा ठोकून बसलीये. वकील नाही, काही नाही. स्वतः भांडणार म्हणे."

"अगंबाई! मग?"

"मग काय, अशांची एक युक्ती असते. आज उभं राहायचं आणि तारीख मागायची. पुढच्या वेळी पुन्हा तारीख मागायची. ही माणसं दोन तारखांत गार होतात बघा."

"असं का," सासूबाई म्हणाल्या आणि झाकण आलं तसं त्यांनी जावयाचा खांदा घट्ट धरला. स्कूटर झाकणाला वळसा घालून गेली. ती रोजच वळसा घालायची.

कोर्टात पुकारा झाला. वकीलसाहेब काळा कोट सावरत उठले, तर वादीच्या बाकावर त्यांच्या सासूबाई बसलेल्या.

"अहो आई," ते कुजबुजले, "इथे नका बसू. हा वादीचा बाक आहे. बाहेर झाडाखाली थांबा, मी आलोच."

"वादीचा आहे म्हणूनच बसलेय," सासूबाई म्हणाल्या आणि पिशवीतून फाइल काढून उभ्या राहिल्या.

वकीलसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. न्यायाधीश बाई चष्म्यावरून दोघांकडे पाहत होत्या. त्या नव्यानेच बदलून आल्या होत्या आणि आलेला प्रत्येक कागद वाचत होत्या, त्यामुळे तिथली वकील मंडळी त्यांना आधीच वचकून होती.

"काय कुजबुज चाललीये? वकीलसाहेब, या बाई तुमच्या नात्यातल्या आहेत का?"

आता इथे खरं म्हणजे मान खाली घालून हो म्हणायचं, वकीलपत्र मागे घ्यायचं आणि घरी जाऊन बायकोची समजूत काढायची. कुठल्याही शहाण्या माणसानं हेच केलं असतं. पण जिभेला लागलेलं वळण वाईट. समोरून कोर्टानं काहीही विचारलं, की वकीलसाहेबांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडायचा. या वेळीही तो पडला.

"नाकबूल."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली, पण तोवर कारकुनानं लिहून घेतलं होतं. सासूबाईंनी जावयाकडे एकदा पाहिलं. वर्गात कॉपी करताना सापडलेल्या हुशार मुलाकडे त्या अशाच पाहत असणार.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तेही लिहून घेतलंत ना? बरं झालं. आता मी नगरपालिकेची कैफियत वाचू का, मॅडम?"

त्यांनी ती वाचली. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज. वय नाकबूल आलं, पत्ता नाकबूल आला, गल्ली नाही हे आलं आणि शेवटी वादीला कवळी होती हेही नाकबूल झालं. मागच्या बाकांवरचे वकील रुमाल तोंडावर धरून खोकू लागले.

"यावर वादीचं काय म्हणणं?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"मला मान्य आहे."

"काय मान्य आहे?"

"गल्ली नाही हे. एवढी मोठी नगरपालिका, ती काय खोटं बोलेल? माझंच चुकलं असेल. फक्त मी पडले शिक्षिका. एकदा वहीत उत्तर लिहिलं, की ते खोडलेलं मला चालत नाही. तेव्हा पुढच्या तारखेपर्यंत नगरपालिकेनं आपल्या या उत्तराप्रमाणेच वागावं, एवढा हुकूम मला द्या."

न्यायाधीश बाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. "वकीलसाहेब, तुमची काही हरकत?"

वकीलसाहेबांना तिथून कसंही करून निघायचं होतं. त्यांनी आपली पेटंट युक्ती काढली. "तारीख मिळावी, मॅडम. लांबची."

"दिली. महिन्याची. तोवर गल्ली नाही."

सासूबाई त्या दिवशी एकट्याच घरी परतल्या. वकीलसाहेब भीत भीत संध्याकाळी पोचले, तर व्हरांड्यात त्यांची उशी, पांघरूण आणि दाढीचं सामान व्यवस्थित मांडून ठेवलेलं.

"हे काय?"

"सोय केलीये तुमची," बायको जाळीच्या दारामागूनच म्हणाली. "तुम्ही कोर्टात सांगितलंत ना, ती तुमची कोणी नाही म्हणून? ती तुमची सासू नाही, तर मी तुमची कोण? अनोळखी माणसाला एकदम घरात घेत नाही आम्ही."

"अगं, चुकून गेलं तोंडातून!"

"इतकी वर्षं झाली लग्नाला. चुकून का होईना, 'कबूल' कधी नाही गेलं ते तोंडातून?"

इथे वकीलसाहेबांना तारीख मागायची सोय नव्हती. त्यांनी उशी झटकली. बायको भांडते तेव्हा त्यांना कधी भीती वाटत नसे, पण आज ती भांडत नव्हती, शांतपणे बोलत होती. त्यांना खरोखरच भीती वाटली.

इकडे टायपिस्टनं, जन्मात पहिल्यांदाच, वेळेवर काम केलं. कोर्टाच्या हुकुमाची प्रत त्यानं नगरपालिकेच्या सगळ्या खात्यांना पाठवली. एरवी ही खाती कागदावर बसून राहतात, पण काम न करण्याचा हुकूम बजावायला त्यांना क्षणाचा उशीर लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून कचरागाडी येईना. वकीलसाहेबांनी चौकात तिला गाठलं, तर ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, तुम्हीच लिहून दिलंय. जिथे गल्लीच नाही, तिथे कचरा कुठून येणार?" झाडूवाली दुसरीकडे गेली. मग दिवाबत्तीवाले आले आणि दोन्ही खांब उपटून घेऊन गेले. एक लोखंडी झाकण तेवढं राहिलं, कारण ते कोणत्या खात्याचं हे कोणालाच माहीत नव्हतं.

गल्लीतल्या लोकांना हा पराक्रम कोणाचा हे कळायला वेळ लागला नाही. समोर राहणारे चष्मेवाले तर एके दिवशी सकाळी कुदळ घेऊन गल्लीच्या मधोमध खणायलाच लागले.

"अहो, हे काय करताय?" वकीलसाहेब व्हरांड्यातून ओरडले.

"भोपळे लावतोय."

"रस्त्यात?"

"कुठाय रस्ता?" चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि गल्लीकडे नीट निरखून पाहिलं. "मला तर दिसत नाही. तुम्हाला दिसतो का, वकीलसाहेब? दिसत असेल तर तसं कोर्टात सांगा ना."

वकीलसाहेब मूग गिळून आत, म्हणजे व्हरांड्यातच, जाऊन बसले. भोपळ्याच्या वाफ्यामुळे स्कूटर निघेना. ते पायी कोर्टात जाऊ लागले.

पण खरा दणका बसला तो आठवडाभरानं. अतिक्रमण हटवणारं पथक दारात उभं राहिलं. पथकाचा मुकादम वकीलसाहेबांना चांगला ओळखत होता. कितीतरी लोकांच्या भिंती त्या दोघांनी मिळून पाडल्या होत्या.

"साहेब, माफ करा, पण एक विचारायचंय. हे तुमचं फाटक उघडतं कुठे?"

"हे काय, रस्त्यावर."

"रस्ता तर नाही."

"नाही म्हणजे... तसा आहे, पण सध्या नाही."

"मग फाटकाची परवानगी कशी राहील? फाटक रस्त्यावरच उघडायला पाहिजे असा नियम आहे. तुम्हीच मागे कोर्टात सांगितला होता, त्या पिठाच्या गिरणीवाल्याच्या केसमध्ये. फार छान बोलला होतात. माझ्या अजून लक्षात आहे."

आणि मुकादमानं मोठ्या आदरानं फाटकाला लाकडी फळ्या ठोकल्या, सील लावलं आणि जाताना नमस्कार केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. त्या दिवसापासून घरात जायचं तर परसातल्या भिंतीला शिडी लावून. सासूबाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. शाळेत पी.टी.चा तासही त्याच घेत. पदर खोचून त्या झपझप चढायच्या, वरून लेकीला हात द्यायच्या आणि पलीकडे उतरल्या की शिडी काढून घ्यायच्या. वकीलसाहेबांना मग हाका माराव्या लागत.

"कोण आहे?" आतून सासूबाईंचा आवाज यायचा.

"मी!"

"मी कोण?"

"आई, शिडी टाका ना!"

"इथे कोणाची आई राहत नाही. नाकबूल आहे." तरीही थोड्या वेळानं शिडी यायची. जेवणाचं ताट मात्र यायचं नाही. ते कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये जेवत आणि घरच्या जेवणाला आपण आजवर किती नावं ठेवली, ते आठवून मनातल्या मनात एकेक नाव परत घेत.

शेवटी ते मुख्याधिकारीसाहेबांकडे गेले. "साहेब, मला वाटतं, या दाव्यात आपण गल्ली मान्य करून टाकावी. एका कवळीचा तर प्रश्न आहे."

मुख्याधिकारी खुर्चीतून उठले आणि त्यांनी वकीलसाहेबांना चक्क मिठी मारली. "काय बोलताय हे? अहो, तुम्ही तर देवमाणूस आहात! मी इतकी वर्षं या खड्ड्यांच्या मागे लागलोय. खडी टाकली, डांबर ओतलं, ठेकेदार बदलले. हे साधं उत्तर मला कसं सुचलं नाही? रस्ताच नाही, तर खड्डा कशात पडणार? हा दावा तुम्ही जिंकायचाच. एकदा निकाल लागला, की गावातले सगळे खराब रस्ते आपण एकेक करून नाकबूल करत सुटू."

"सगळे?"

"माझ्या बंगल्यासमोरचा सोडून."

वकीलसाहेब बाहेर येऊन पायरीवर बसले. आजवर त्यांना एकच चिंता असायची, दावा हरू की काय. आता कळलं की आपण हा दावा जिंकलो तर जन्मभर शिडीनं घरात जाणार, व्हरांड्यात झोपणार आणि बायकोला जाळीच्या दारातून बघणार. दावा हरणंही सोपं नव्हतं. समोरची बाई त्यांचंच म्हणणं मान्य करून बसली होती. हरायचं तरी कोणापुढे?

तारखेच्या दिवशी सकाळी त्यांनी भिंतीवरून उडी मारली, फाइल काखोटीला मारली आणि मनाशी ठरवलं की आज काय वाटेल ते होवो. गल्लीच्या मधल्या भागात भोपळ्याचे वेल मस्त पसरले होते, म्हणून ते गटाराच्या कडेकडेनं निघाले. स्कूटरला झाकण चुकवायची सवय होती, पायांना नव्हती. बूट अडकला. वकीलसाहेब हवेत गेले, फाइल त्यांच्याही पुढे गेली आणि ते तोंडावर आपटले. उठून पाहतात तो समोरचा एक दात भोपळ्याच्या पानावर.

"लागलं का हो?" वाफ्याला पाणी घालत चष्मेवाल्यांनी विचारलं.

"लागलं!" वकीलसाहेब कळवळले. पण दुसऱ्याच क्षणी त्यांच्या रक्ताळलेल्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "लागलं! अहो, मी पडलो! या गल्लीत पडलो!" दात रुमालात गुंडाळून ते कोर्टाकडे धावत सुटले. चष्मेवाल्यांना वाटलं, डोक्यालाही मार बसला असावा.

पुकारा होताच ते उभे राहिले. "मॅडम, गल्ली आहे!"

न्यायाधीश बाईंनी कागद चाळले. "कैफियतीत तर नाही म्हटलंय. सही तुमचीच आहे."

"सही माझी आहे, पण अक्कल माझी नव्हती. गल्ली आहे, झाकण आहे, मी आज स्वतः तिथे पडलोय. हा बघा दात!"

"माझी हरकत आहे," सासूबाई शांतपणे उठल्या. "गल्ली नाही यावर वादी आणि नगरपालिका, दोघांचं एकमत झालंय. मध्येच हे कोण गृहस्थ आलेत पडून?"

"मग मी साक्ष देतो," वकीलसाहेब म्हणाले, आणि नगरपालिकेचा वकील नगरपालिकेविरुद्ध साक्ष द्यायला पिंजऱ्यात चढला. ही बातमी क्षणात पसरली आणि शेजारच्या कोर्टातले वकील आपापले अशील वाऱ्यावर सोडून दारात गोळा झाले. त्या गर्दीत वकीलसाहेबांना आपली बायको दिसली. ती मागच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

सासूबाई उलटतपासणीला पुढे आल्या. हातात जावयाचीच कैफियत होती.

"तुमचं वय?"

"बावन्न."

"नाकबूल. राहता कुठे?"

"त्याच गल्लीत."

"नाकबूल. तिथे झाकण आहे म्हणता? नाही. असलंच तर तुम्ही तिथे पडला नाहीत. पडलाच असाल तर तुम्हाला लागलं नाही. लागलंच असेल तर डोळे उघडे ठेवून चालला नाहीत, ही सर्वस्वी तुमची चूक. आणि हा दात मुळात तुम्हाला होता, याला पुरावा काय?"

वकीलसाहेबांना घाम फुटला. आपली कैफियत इतकी मजबूत आहे, हे त्यांना ती अंगावर आल्यावर कळत होतं. आणि इतकी निर्दय आहे, हेही. आजवर किती माणसं या पिंजऱ्यात हातापायांना पट्ट्या बांधून उभी राहिली असतील आणि आपण खाली उभे राहून त्यांना सांगितलं असेल, की तुम्हाला हातच नाही. त्यांना फार वाईट वाटलं.

"अहो आई, पुरावा काय मागता? रोज सकाळी समोर बसून तुम्हीच बघत होतात की हा दात!"

"आई?" सासूबाई थांबल्या. "कोणाची आई?"

न्यायाधीश बाई पुढे झुकल्या. "साक्षीदारानं उत्तर द्यावं. या बाई तुमच्या कोण?"

तो जुना शब्द सवयीनं वकीलसाहेबांच्या जिभेवर आलाच. पण पडलेल्या दाताच्या खिंडीतून नुसती हवा गेली, आणि तेवढ्या अवधीत त्यांना मागच्या बाकावरची बायको दिसली. ती हसत नव्हती. ती वाट बघत होती.

"सासूबाई," ते म्हणाले. "माझ्या सासूबाई आहेत. कबूल. आणि मागे बसलीये ती माझी बायको. तीही कबूल. गल्ली कबूल, झाकण कबूल, कवळी कबूल. सगळं कबूल!"

"वादीचं पूर्ण नाव सांगा. नोंदवायचंय."

वकीलसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी हळूच हात पुढे केला, सासूबाईंनी फाइल त्यांच्या हातात दिली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपल्या सासूचं नाव वाचलं. सावकाश, एकही अक्षर न गाळता, मोठ्यानं वाचलं.

"माझे प्रश्न संपले," सासूबाई म्हणाल्या. मग त्या न्यायाधीश बाईंकडे वळल्या. "कवळी मात्र पाहिजे, मॅडम. ती मी सोडणार नाही."

निकाल त्याच दिवशी लागला. गल्ली आहे असं ठरलं. झाकण बसवायचं, खांब परत रोवायचे, फाटकाचं सील काढायचं आणि नगरपालिकेनं वादीला नवी कवळी करून द्यायची. भोपळ्यांबद्दल निकालात काही नव्हतं, त्यामुळे ते राहिले. बायकोनं बाहेर येऊन पिशवीतून डबा काढला. "खा. तुमच्या दाताला झेपेल असंच आणलंय." डब्यात दुधात भिजवलेला पाव होता. वकीलसाहेबांनी तो कोर्टाच्या पायरीवर बसून चाटूनपुसून खाल्ला.

मुख्याधिकारी भयंकर संतापले. दुसरा वकील नेमतो म्हणाले. पण गावातल्या बाकीच्या वकिलांपैकी प्रत्येकाचाच नगरपालिकेवर एखादा दावा चालू होता, तेव्हा निरुपायानं वकीलसाहेबांनाच ठेवावं लागलं.

नव्या कवळीनं सासूबाई आता सकाळी टोस्ट कडाकडा चावून खातात. समोर वकीलसाहेब पाव दुधात बुडवून बसतात. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "आई, माझ्या दाताचं काय करावं हो?"

"अर्ज करा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "नगरपालिका बघेल."

त्यांनी अर्ज केला. स्मरणपत्र दिलं, नोटीस दिली, दावा लावला. एकही पायरी गाळली नाही. मग एक दिवस कामाच्या गडबडीत टायपिस्टनं पुढे केलेल्या कागदांच्या चळतीवर वकीलसाहेबांनी भराभर सह्या केल्या आणि घरी आल्यावर त्यांना टपालातून कैफियतीची प्रत मिळाली. वादीला दात होता, हे नगरपालिकेला नाकबूल होतं. खाली सही त्यांचीच होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तारखेच्या सकाळी सासूबाई कडक इस्त्रीची साडी नेसून, पिशवी काखेत घेऊन स्कूटरच्या मागे बसल्या. दाव्यात वादीच्या बाजूनं त्याच उभ्या राहणार होत्या. भोपळ्यांना वळसा घालून स्कूटर गल्लीच्या तोंडाशी आली. झाकण बसवलं होतं. या वेळी ते दुसऱ्या बाजूनं वर आलं होतं.

"आई, मला धाकधूक वाटते हो," वकीलसाहेब म्हणाले. "समोरचा वकील फार वाईट आहे. कशालाच हो म्हणत नाही."

"काही काळजी करू नका," सासूबाईंनी त्यांचा खांदा घट्ट धरला. "ओळखते मी त्याला. दोन तारखांत गार होतो."